जोड इंजिनांची नौका व विजोड पंखे

कोलशेतच्या किनाऱ्यास लागून वाहणारी उल्हास नदीची खाडी ही फार जुनी वाट आहे. इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजीमहाराजांनीं कल्याणच्या खाडींत जहाजबांधणीस आरंभ केला. २०१६ च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला, व त्यावरील उतारूंच्या धक्क्यांच्या योजनेंत कोलशेतचेंही नांव आहे. यास्तव यंत्रनौकेचें थोडें शास्त्र येथील मुलांस अवगत असावें.

नौकेच्या मागें पाण्यांत जें चक्र फिरतें त्यास आपण पंखा म्हणतों. तो वस्तुतः स्क्रूच होय. स्क्रू एका फेऱ्यांत लांकडांत जितका शिरतो, तितकेंच पंख्याचेंही एका फेऱ्याचें अंतर ठरलेलें असतें. त्यास आपण ‘पल्ला’ म्हणूं. पाणी लांकडासारखें घट्ट नसल्यामुळें त्यांतील कांहीं अंश वायां जातो. पंख्याच्या तुंब्यावर बहुधा ‘१८ × १६’ असे आंकडे उठविलेले असतात. पहिला इंचांतील व्यास, दुसरा पल्ला. पंख्यांतील लहानशा फरकाचा परिणाम केवढा होतो पाहा: इ. स. १८३७ मध्यें फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या नौकेचा लांकडी स्क्रू लंडनच्या एका कालव्यांत मोडून अर्धा उरला, आणि नौका उलट अधिक वेगानें धांवूं लागली!

दोन इंजिनांच्या नौकेंत दोन पंखे असतात. मागून पाहिल्यास उजवा बहुधा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें व डावा त्याच्या उलट फिरतो; त्यामुळें त्यांचे बाजूस ढकलणारे जोर परस्परांस मारतात. आतां असें समजा कीं डावा पंखा मोडला व दुकानांत जो मिळाला तो बसविला. उजव्याचा पल्ला १८ इंच, नव्या डाव्याचा १६. इंजिनांचे मिनिटास १५०० फेरे व दांतेचक्रांनीं ते निम्मे झाले, तर पंख्यांचे ७५० फेरे होतात. डावा मिनिटास १००० फूट जाऊं पाहतो, उजवा ११२५. सागरी मैल ६०८० फुटांचा धरल्यास हे वेग ताशीं सुमारें ९.९ व ११.१ मैल होतात.

परिणाम काय? उजवीकडून जोर अधिक, म्हणून नाळ डावीकडे वळते. तांडेलास सुकाणू सतत आडवें धरावें लागतें, आणि तेल वायां जातें. पूर्ण वेग दिल्यावर उजवें इंजिन आपल्या ठरीव फेऱ्यांस पोंचत नाहीं. तें तापतें व काळा धूर सोडतें. डावें मात्र हलक्या ओझ्यानें सहज फिरतें. पुष्कळदां अशा वेळीं निर्दोष इंजिनच खोलण्यांत येतें, व पैसा व्यर्थ जातो.

म्हणून परीक्षा क्रमानें करावी. प्रथम नौका वर ओढून दोन्ही तुंब्यांवरील आंकडे व फिरण्याची दिशा पाहावी. ठोकून सरळ केलेल्या पंख्याचा पल्ला बदललेला असतो, पण आंकडा तोच राहतो; यासाठीं पातीं मोजून घ्यावीं. नंतर दोन्ही दांतेपेट्यांचें प्रमाण ताडून पाहावें. तिसरें, फेरे निराळ्या मापकानें मोजावे, कारण नौकेवरील तबकडी खोटें सांगूं शकते. चौथें, दंड वांकला आहे काय, दोर वा जाळें गुंतलें आहे काय, हें तपासावें. एवढें निर्दोष ठरल्यावरच इंजिनास हात लावावा.

हा केवळ तेलाचा प्रश्न नव्हे. ओहोटीच्या वेळीं अरुंद पात्रांत, पुलाच्या खांबांजवळ, नौका आपोआप एका अंगास ओढूं लागली तर उतारूंचे प्राण संकटांत पडतात. ज्या पालकांच्या होड्या आहेत त्यांनीं दोन्ही पंख्यांचे आंकडे वहींत लिहून ठेवावे, व एक बदलतांना दुसऱ्याशीं ताडून पाहावे.

मोशेच्या नियमशास्त्रांत बैल व गाढव एकत्र जुंपून नांगरण्यास मनाई आहे. त्यांत दोघांपैकीं कोणास दोष दिलेला नाहीं. दोष जुंपणाराचा आहे. आमच्या नौकेचेंही तसेंच होय. दोन्ही पंखे स्वतंत्रपणें उत्तम असूं शकतात, परंतु एका नौकेस ते एकमेकांशीं जुळणारेच हवेत.