समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

अंगात ताप भरला, तर आपण विलंब न लावता डॉक्टरांकडे जातो. मनावरचे ओझे मात्र महिनोन्महिने कोणाजवळ बोलत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावी तर सारेच एकमेकांच्या ओळखीचे. पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव पडतो, मुलाला परीक्षेत पुन्हा अपयश येते. पण मन मोकळे करावे, तर उद्या ती गोष्ट पारावर पोचेल ही धास्ती असते. अशा वेळी जालना वा छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या खाजगी समुपदेशकाकडे जावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि तेथे नेमके काय घडते, याची कल्पना नसेल तर पहिल्याच भेटीत निराशा पदरी येण्याचा संभव असतो.

नावामुळे होणारा गैरसमज

‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे. त्यामुळे समोरची जाणकार व्यक्ती आपल्याला मार्ग सांगेल, अशी येणाऱ्याची अपेक्षा असते. व्यक्तिकेंद्रित समुपदेशनात मात्र नेमके उलट घडते. बोलायचे असते ते आपण, आणि समुपदेशकाने ऐकायचे असते.

ही पद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी घालून दिली. त्यांच्या वयाच्या बाराव्या वर्षी कुटुंब शेतावर राहावयास गेले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आरंभी शेतीशास्त्राचेच शिक्षण घेतले. पुढे रॉचेस्टर येथे ते मुलांच्या समस्यांवर काम करीत असत. एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे येई. मुलाच्या वर्तनाचे मूळ तिच्या वागण्यात आहे, हे तिला पटवून देण्याचे त्यांचे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले. अखेर त्यांनी हात टेकले. ती बाई निघाली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले, येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते काय? मग ती परत बसली आणि स्वतःच्या संसाराची व्यथा सांगू लागली. रॉजर्स केवळ ऐकत राहिले, आणि खरे काम तेव्हा सुरू झाले. कोठे दुखते आणि कोणत्या वाटेने जावे, हे ज्याचे त्यालाच अधिक कळते, हा धडा त्यांनी यातून घेतला. १९४२ व १९५१ मधील आपल्या ग्रंथांतून त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला.

लहानपणी घराच्या तळघरात पाहिलेल्या बटाट्यांचा दाखला ते देत असत. अंधारातही त्या बटाट्यांना फिकट कोंब फुटत आणि ते दूरच्या लहानशा खिडकीतील उजेडाकडे वाढत जात. माणसाचेही तसेच आहे. कोंब ओढून वाढत नाही. त्याला माती, ओल आणि प्रकाश द्यावा लागतो. ती माती तयार होण्यासाठी समुपदेशकाच्या ठायी तीन गोष्टी असाव्या लागतात : येणाऱ्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख जाणण्याची समानुभूती, आणि मुखवटा न चढविता वागण्याचा सच्चेपणा.

पहिल्या भेटीत

एक भेट साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते आणि बहुधा आठवड्यातून एकदा होते. सोबत आलेल्या नातेवाइकाला बाहेर बसावे लागते. त्यात कोणाचा अनादर नसतो. प्रारंभी शुल्क किती, भेट रद्द करावयाची झाल्यास काय, साधारण किती भेटी लागतील, हे स्पष्टपणे विचारून घ्यावे. समुपदेशकाचे शिक्षण काय, त्यांची कार्यपद्धती कोणती, हे विचारण्यातही संकोच मानू नये. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. इतर समुपदेशकांच्या बाबतीत पदवी व अनुभवाची चौकशी करणे इष्ट.

समजा, एखादा तरुण शेतकरी म्हणाला, “पीक गेलं त्याचं एवढं नाही, पण घरात पाऊल टाकवत नाही.” यावर ‘धीर धरा, सारे ठीक होईल’ असे समुपदेशक म्हणणार नाहीत. ते कदाचित म्हणतील, “नुकसानीपेक्षा घरच्यांच्या नजरेला नजर देणं तुम्हाला जड जातंय, असं मला वाटतं. बरोबर आहे का?” तो तरुण क्षणभर थांबेल. “घरचे काही बोलत नाहीत,” तो म्हणेल, “मीच मला बोलत असतो.” हे वाक्य त्याने पूर्वी कोणालाही, अगदी स्वतःलाही, सांगितलेले नसते. या पद्धतीत प्रगती म्हणतात ती हीच.

मधूनमधून शांतता पसरेल. ती भरून काढण्याची घाई करू नये. कधी रडू येईल. त्यात कमीपणा नाही. एखाद्या भेटीनंतर मन अधिक जड वाटणेही शक्य आहे. चार-पाच भेटींनंतरही आपले ऐकले जाते असे वाटत नसेल, तर तसे समुपदेशकांना सांगावे. ते रागावणार नाहीत. गरज भासल्यास दुसऱ्याकडे जाण्याचाही आपल्याला अधिकार आहे.

गुप्तता आणि तिच्या मर्यादा

खोलीत झालेले बोलणे खोलीतच राहते. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र कोणाच्या जिवाला धोका असल्यास समुपदेशक गप्प बसू शकत नाहीत. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या कायद्यान्वये ती कळविणे बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्याच भेटीत समजून घ्याव्यात.

कोठे थांबावे

समुपदेशक औषध लिहून देत नाहीत आणि कर्जही फेडून देत नाहीत. कानात आवाज येणे, भास होणे, आठवडेच्या आठवडे झोप व अन्न सुटणे, अशी लक्षणे असतील तर केवळ संभाषणावर विसंबू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. त्यासाठी खाजगी शुल्क परवडलेच पाहिजे असे नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आणि या कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातून मानसोपचाराची सेवा मिळते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. जीवन संपविण्याचा विचार मनात येत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी या क्रमांकावर संपर्क साधावा अथवा जवळचे रुग्णालय गाठावे, आणि घरच्यांनी अशा व्यक्तीला एकटे सोडू नये.

सर्वांनाच समुपदेशकाकडे जाणे शक्य होईल असे नाही. परंतु त्यांच्याकडून एक गोष्ट प्रत्येक घराला उचलता येईल. समोरचा बोलू लागला की त्याचे वाक्य न तोडता, तोडगा न सुचविता, थोडा वेळ केवळ ऐकावे. अनेकदा तेवढ्या उजेडाचीच त्या कोंबाला गरज असते.