दाराच्या माथ्यावरचे चित्र

युरोपच्या कलेतिहासात 'सोप्रापोर्ता' असा एक इटालियन शब्द येतो. त्याचा अर्थ अगदी साधा आहे : दाराच्या वर. राजवाड्यातील उंच दालनात दाराची चौकट आणि छत यांच्यामध्ये जी जागा उरते, ती भरण्यासाठी केलेले चित्र किंवा कोरीव फलक म्हणजे सोप्रापोर्ता. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये या प्रकाराला मोठा बहर आला. पॅरिसच्या सुबीझ वाड्यात १७३० नंतरच्या काही वर्षांत फ्रांस्वा बूशे व त्याच्या समकालीन चित्रकारांनी दारांवरची चित्रे रंगविली. शार्दां या चित्रकाराने १७६५ साली शुआझीच्या राजवाड्यासाठी कलेची आणि संगीताची साधने अशाच जागेसाठी चितारली. ही चित्रे खालून वर पाहिली जाणार, हे चित्रकाराला ठाऊक असे. म्हणून वस्तू फळीच्या कडेवर मांडल्यासारख्या दिसतात. आज शार्दांची ती दोन चित्रे लूव्र संग्रहालयात आहेत, म्हणजे ज्या दारांसाठी काढली ती दारे त्यांच्याखाली उरलेली नाहीत.

हे वाचताना मला आपल्याकडची गणेशपट्टी आठवल्याशिवाय राहिली नाही. वाड्याच्याच नव्हे, चार खणांच्या घराच्या चौकटीवरही मधोमध गणपती कोरलेला असतो. दोन्ही बाजूंना वेल, कमळे, कुठे पोपट. मंदिराच्या दारावर याच जागेला ललाटबिंब म्हणतात. ललाट म्हणजे कपाळ. दाराला कपाळ असते ही कल्पना मला फार आवडते, आणि आपल्या बायका सणाला त्या गणपतीला हळदकुंकू लावतात तेव्हा ती कल्पना नुसती पुस्तकी राहत नाही.

पण दोहोंत एक मोठा फरक आहे. सोप्रापोर्ता दालनात बसलेल्या माणसांसाठी असते. तिचे काम शोभेचे. आपला गणपती बाहेर तोंड करून बसतो, येणाऱ्याकडे पाहतो. शिवाय जुनी दारे ठेंगणी. माझी आजी म्हणते, "वर देव हाय, वाकूनच जायाचं." दार ठेंगणे म्हणून वाकायचे की वाकावे म्हणून दार ठेंगणे, हे तिला विचारण्यात अर्थ नाही.

आपल्या जिल्ह्यात या विषयाचा सर्वांत मोलाचा नमुना तेरला आहे. तेथील विटांच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आता गावातल्याच लामतुरे संग्रहालयात ठेवलेली आहे. दगडी द्वारशाखा महाराष्ट्रात पुष्कळ सापडतील. इतके जुने लाकूड मात्र टिकत नाही. वाळवी, पाऊस आणि चूल यांतून ते वाचले हेच नवल. तिथे उभे राहिल्यावर मात्र लूव्रमधील चित्रांसारखेच होते. चौकट आहे, पण तिच्या पलीकडे गाभारा नाही.

खरी सोप्रापोर्ता, म्हणजे वेगळी टांगलेली तसबीर, आपल्या घरांत फार उशिरा आली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या घरांतही पोचू लागल्या. त्या माजघराच्या दारावर लागल्या. खालची कड खिळ्यावर टेकवून वरची कड दोरीने पुढे झुकवतात, म्हणजे काच चमकत नाही आणि खालून चेहरा नीट दिसतो. शार्दांने कुंचल्याने जे साधले, ते आपल्या लोकांनी हातभर सुतळीने साधले. त्याच रांगेत पुढे घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो आले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील दगडमातीच्या भिंती कोसळल्या. हजारो माणसे गेली. पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक ठिकाणी उभा राहिला, आणि पडलेल्या ढिगाऱ्यांतूनही चौकटी निघाल्या. आमचीही निघाली. नव्या वसाहतीतल्या घराला दारे ठरावीक मापाची होती, तीत ती बसेना. आजोबांनी ती गोठ्याला लावली. म्हणून आमच्याकडे गणपतीखालून म्हशी ये-जा करतात. आजोबांना त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही वाटत नाही, कारण ती निदान दारावर आहे. शेजारच्या एकाने आपली चौकट जुने लाकूड घेणाऱ्याला विकली. ती आता शहरात एखाद्या भिंतीवर आरशाची चौकट झाली असेल.

कला विभागातील माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर आपापल्या गावातील अशा चौकटी पाहून ठेवा. फोटो तर सगळेच काढतात, पण उंबऱ्यापासून पट्टीची उंची किती, तोंड कोणत्या दिशेला, लाकूड सागाचे की बाभळीचे आणि मधोमध गणपतीच आहे की दुसरे काही, एवढे वहीत लिहून आणा. विकायला काढलेली असेल तर ते आधी लिहा.