माहुलीची चढण आणि आश्विनाचे ऊन

पाऊस सरून भातकापणी तोंडावर आली, की शनिवार-रविवारी कसाऱ्याच्या लोकलने पाठपिशव्या घेतलेली तरुण मुले आसनगाव-आटगावला उतरू लागतात. सुमारे २८०० फूट उंचीच्या माहुली किल्ल्यावर अवश्य जावे. मात्र या दिवसांतले ऊन फसवे असते. हिरवळ पाहून मन निवते, अंग मात्र तापत राहते.

असे का होते? चढताना स्नायूंत उष्णता तयार होते. घाम वाळला तरच शरीर थंड होते. हवेत ओल असली, की घाम नुसता गळतो आणि पाण्याबरोबर मीठही जाते. मग पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, लघवी गर्द पिवळी होते. येथेच थांबावे. सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी घोटघोट प्यावे. प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात समजावा. 'घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेले नाही,' असे मला पुष्कळजण सांगतात. हा समज घातक आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. त्याला सावलीत आडवे करून कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला कळवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

दुसरी धास्ती सापाची. वाढलेल्या गवतात, दगडाखाली हात घालू नये. दंश झाल्यास जखम चिरू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. पाय फळकुटाला बांधून, रुग्णाला चालू न देता उचलून आणावे. शासकीय रुग्णालयात सर्पदंशाची लस मोफत मिळते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना गवतातून फिरल्याचे आवर्जून सांगावे. काखेत, जांघेत काळी खपली दिसते का, तेही पाहावे. बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या 'स्क्रब टायफस' तापाची ती खूण असते. वेळेवर औषध मिळाले, तर हा ताप लवकर बरा होतो.

म्हणून पहाटे निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि ऊन चढण्याआधी चढण संपवा.