जुनी मोटार घेतांना एंजिन कोणतें?

भारी व वेगवान मोटार जुनी झाली म्हणजे तिची किंमत पुष्कळ उतरते. दुरुस्तीचा खर्च मात्र भारी गाडीचाच राहतो. म्हणून रंग व गाद्या पाहण्यापूर्वीं आम्ही एंजिनाचा विचार करूं.

पेट्रोल-एंजिनांत ठिणगीनें इंधन पेटतें. डीझेल-एंजिनांत हवाच इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनें इंधन आपोआप पेट घेतें. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यास जोडलेली दुसऱ्या पिढीची स्कोडा सुपर्ब घ्या. तिच्या १.८ लिटर पेट्रोल-एंजिनाची शक्ति १६० अश्वबल व पिळाचा जोर २५० न्यूटन-मीटर. २ लिटर डीझेलचे आंकडे १४० व ३२०. डीझेल अश्वबलांत उणें, पण ओढीला भारी.

ज्यास रोज अमरावतीहून अकोल्यास, सुमारें शंभर किलोमीटर, जाणें आहे, त्यानें डीझेल अवश्य पाहावें. (याच रस्त्याच्या ७५ किलोमीटरांवर जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर घालून जागतिक विक्रम झाला.) ज्याची धांव राजकमल चौकापासून शाळेपर्यंतच, त्यास आमच्या मतें पेट्रोलच बरें. एप्रिल २०२० पासूनच्या नियमांप्रमाणें बनलेल्या डीझेल-गाडीच्या धुराच्या नळींत काजळीची गाळणी असते. लांबच्या धांवेंत ती तापून सांचलेली काजळी जळते. गांवांतल्या फेऱ्यांत ती तुंबते, आणि नवी गाळणी स्वस्त नाहीं.

एंजिन थंड असतांनाच सुरू करून पाहावें. निळा धूर आल्यास वंगण जळत आहे असें समजावें. विकणाऱ्यानें गाडी आधींच तापवून ठेविली असेल, तर पालकांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं न कळवितां पुन्हां जावें.