तीस हजारांच्या फरकात काय येतं, काय जातं

बायो, ८० हजारांचा फोन घेऊच नकोस असं सांगायला मी बसलेली नाही. पगार तुझा आहे, स्वतःच्या कमाईची एखादी मनासारखी वस्तू हातात असावी असं वाटणं अगदी साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे मोजण्याआधी कशाचे किती पडताहेत हे तुला नेमकं कळलेलं असावं. जाहिरात ते सांगणार नाही. दुकानातला मुलगाही सांगेलच असं नाही, त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो.

तुझं मन पिक्सेल ९ वर बसलंय ना, मग त्याच्याच शेजारी त्याच घरातला धाकटा ठेवून बघू, पिक्सेल ९ए. पिक्सेल ९ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, ७९,९९९ रुपयांना. ९ए आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये विक्रीला आला, ४९,९९९ रुपयांना. दोन्हींत साठवणुकीला २५६ जीबी जागा. म्हणजे आल्या दिवशीच्या किमतीत फरक सरळ ३० हजारांचा. तुझ्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मिळून किती होतात, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता हे ३० हजार कशाचे? प्रोसेसर दोघांत एकच आहे, टेन्सर जी४. स्क्रीन दोघांची ६.३ इंचांची, ओएलईडी, सेकंदाला १२० वेळा ताजी होणारी, आणि जास्तीत जास्त प्रकाशाचा आकडाही दोघांचा सारखाच, २,७०० निट्स. एप्रिलच्या उन्हात बसस्टॉपवर उभी राहून नकाशा बघायचा असेल तर हा आकडा कामाचा असतो, आणि तिथे धाकटा मागे नाही. पाण्याधुळीपासून संरक्षणाची पातळी दोघांना आयपी ६८. बॅटरी तर स्वस्तातल्या फोनची मोठी आहे, ५,१०० एमएएच, महागड्याची ४,७००. वजनही ९एचं कमी, १८६ ग्रॅम. दिवसभरात तू फोनवर जे करतेस, म्हणजे मेसेज, यूपीआय, रील्स, ऑफिसचा मेल, आईशी व्हिडिओ कॉल, त्यात हे दोन फोन डोळे मिटून कुणी हातात दिले तर वेगाच्या अंदाजाने ओळखता येणार नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त एक कर. नवा फोन सुरू केलास की सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडून ‘स्मूथ डिस्प्ले’ चालू आहे का ते बघ. ते बंद असेल तर स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच ताजी होते, आणि १२० चे पैसे देऊन माणूस वर्षभर ६० वरच फोन वापरत राहतो.

आता कात्री कुठे लागली ते ऐक, कारण खरा निर्णय तिथेच आहे.

सगळ्यात मोठी कात्री कॅमेऱ्याला. कागदावर ती दिसतच नाही. मुख्य कॅमेरा एकाचा ५० मेगापिक्सेल, दुसऱ्याचा ४८, म्हणजे सारखेच की, असं वाटतं. पण प्रकाश टिपणारा आतला सेन्सर पिक्सेल ९ मध्ये १/१.३१ इंच वर्गातला आहे आणि ९ए मध्ये १/२ इंचाचा. क्षेत्रफळात हा फरक दुपटीहून जास्त होतो. सेन्सर मोठा तितका उजेड जास्त गोळा होतो, आणि उजेड कमी असला की लहान सेन्सरला तेवढाच उजेड मिळवायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात समोरचं माणूस हललं की फोटो पुसट. दिवसा गडावर, टेकडीवर, रस्त्यावर काढलेले फोटो दोन्हींचे उत्तम येतील, कारण पिक्सेलचं फोटोवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर दोघांत सारख्याच जातीचं आहे. गणपतीच्या आरतीला फक्त समईचा उजेड आहे, भाचरं नाचताहेत, ताम्हन फिरतंय, अशा वेळी मोठा सेन्सर जिंकतो. वाइड अँगलचा कॅमेरा तर एकाचा ४८ मेगापिक्सेल, दुसऱ्याचा १३.

म्हणून तुला एक काम सांगते. आत्ताच्या फोनची गॅलरी उघड आणि गेल्या वर्षभरातले फोटो खाली सरकवत जा. त्यात रात्रीचे किती, हलत्या माणसांचे किती, बिलांचे आणि नोट्सचे किती, ते बघ. तुझे बरेचसे फोटो दिवसाउजेडी काढलेले असतील तर या मोठ्या सेन्सरचे पैसे तू कशाला भरायचेस? आणि रात्रीच्या कार्यक्रमांचे फोटो काढणं हा तुझा खरोखरचा जीव की प्राण असेल, तर माझं ऐकू नकोस, वरचाच घे. एक मात्र लक्षात ठेव, लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स या दोघांतही नाही. मागच्या रांगेतून रंगमंचावरच्या गायकाचा चेहरा टिपायचा असेल तर ७९,९९९ देऊनही ते काम होत नाही, त्याला याच मालिकेतला प्रो लागतो आणि तो आला तेव्हाच लाखाच्या पुढे होता.

दुसरी कात्री काचेला. ९एच्या समोरची काच गोरिला ग्लास ३ आहे, २०१३ मध्ये आलेली जात. पिक्सेल ९ ला व्हिक्टस २ आहे, ती पडझड जास्त सोसते. तुझा फोन महिन्यातून एकदा तरी हातातून निसटतो हे मी जवळून पाहिलंय, तेव्हा ९ए घेतलास तर टेम्पर्ड ग्लास आणि कडा उचललेलं कव्हर त्याच दिवशी, दुकानातून बाहेर पडायच्या आधी. मागची बाजू प्लॅस्टिकची आहे, तिची मात्र खंत करू नकोस. प्लॅस्टिक तडकत नाही, आणि कव्हर घातल्यावर मागे काच आहे की प्लॅस्टिक हे तुलाही दिसणार नाही.

रॅम १२ ऐवजी ८ जीबी. आज काही जाणवणार नाही. फोनवरच चालणारी काही एआय कामं, जसं स्क्रीनशॉट्समधून हवी ती माहिती शोधून देणारं ॲप, ९ए मध्ये दिलेली नाहीत. चौथ्या-पाचव्या वर्षी ॲप्स अजून जड होतील तेव्हा हे चार जीबी आठवतील. मॉडेमही आधीच्या पिढीचा आहे, म्हणून तुझ्या ऑफिसच्या तळमजल्यावर कुणी ९ए वापरत असेल तर त्याला रेंज कशी राहते ते विचारून घे. वायरलेस चार्जिंग आहे, पण हळू.

चार्जरबद्दल. डब्यात फक्त केबल मिळते. ९ए २३ वॅटपर्यंतच घेतो आणि पूर्ण भरायला दीड तासाहून जास्त वेळ लागतो. सकाळी वीस मिनिटांत अर्धा फोन भरून पळायची तुझी सवय असेल तर हे तुला रोज खटकेल. तेव्हा वनप्लस १३आरकडे एक नजर टाक. जानेवारी २०२५ मध्ये ४२,९९९ रुपयांना आला, ६,००० एमएएचची बॅटरी, ८० वॅटचा चार्जर डब्यातच, आणि स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसर, जो खेळांसाठी टेन्सरपेक्षा बराच दणकट. कंपनीने तिथे कात्री दुसरीकडे लावली. वायरलेस चार्जिंग नाही, पाण्यापासून संरक्षण आयपी ६५ म्हणजे फवाऱ्यांपुरतं, वाइड कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा, आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या चार वर्षं, सुरक्षेचे अपडेट सहा वर्षं. तासन्‌तास खेळणाऱ्या आपल्या दादाला मी हाच सुचवला असता. तुला नाही सुचवत, आणि त्याचं कारण अपडेट.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. पिक्सेल ९ए ला सात वर्षं अपडेट मिळणार आहेत, म्हणजे २०३२ पर्यंत. तू म्हणशील, सात वर्षं एकच फोन कोण वापरतं? तू नाही वापरणार. पण आपल्या घरात फोन संपतो कुठे? तू तीन-चार वर्षांनी नवा घेशील आणि हा आईकडे जाईल. आईच्या फोनवर तिचं पेन्शनचं खातं आहे, यूपीआय आहे, भिशीच्या ग्रुपवर येणारी प्रत्येक लिंक ती विश्वासाने उघडते. सुरक्षेचे अपडेट थांबलेला फोन तिच्या हातात देणं म्हणजे सापडलेली आणि कधीच न बुजवली जाणारी भोकं तिच्या खात्यापाशी ठेवणं. आत्ता तिच्याकडे तुझा जो जुना फोन आहे, त्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघितलीस का कधी? या रविवारी बघ. खूप मागची असेल तर त्याच्यावरून बँकेचं ॲप काढू या आणि तिच्यासाठी काहीतरी साधं पण नवं घेऊ. तुझ्या ३० हजारांतून तिचा एक चांगला फोन येतो, हे मी तुला मुद्दाम सांगतेय.

सात वर्षांतली दुसरी बाजूही ऐक. सॉफ्टवेअर टिकेल, बॅटरी टिकणार नाही. लिथियमच्या बॅटरीची ताकद दर चार्जिंगच्या चक्राने थोडी थोडी कमी होतेच. ९ए मध्ये तर २०० चक्रांनंतर फोन स्वतःच बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवत जातो, १,००० चक्रांपर्यंत, आणि ते तुला बंद करता येत नाही. बॅटरी जपायला केलेली व्यवस्था आहे, पण दिवसाअखेर टक्के थोडे कमी उरणार. मधे एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च आजच हिशेबात धर. ती अधिकृत सेवा केंद्रातच बदल. बाहेर उघडलेल्या फोनचं पाणी अडवणारं सील पूर्वीसारखं बसेल याची खात्री नसते. आणि आयपी ६८ असला तरी पावसात बिनधास्त होऊ नकोस. ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होते, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. मालवणला गेलीस तर समुद्रात फोन नेऊ नकोस, मग तो ५० हजारांचा असो की ८० चा.

हप्त्यांबद्दल तू उत्साहाने बोललीस, ‘नो कॉस्ट ईएमआय आहे ताई, व्याजच नाही!’ व्याज असतं गं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. होतं असं, की व्याजाइतकी रक्कम आधी सवलत म्हणून वजा दाखवतात, बँक मग दर महिन्याला व्याज लावते, हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि वर बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क. रकमा फार मोठ्या नसतात. पण रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट त्यात निसटत असेल तर ती धरून हिशेब कर. आणि हप्ता बारा महिन्यांच्या पुढे नेऊ नकोस. नोकरी नवी आहे, प्रोबेशन संपेपर्यंत डोक्यावर काही नसलेलं बरं.

आता एक गोष्ट, जी माझ्याच सल्ल्याला छेद देते, पण तुझ्यापासून लपवणार नाही. ३० हजारांचा हा फरक पहिल्या दिवशीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल १० आला आणि त्याच वर्षी नवरात्राच्या सेलमध्ये पिक्सेल ९ बँकेच्या सवलती धरून ३५ हजारांच्या आसपास मिळत होता. म्हणजे वरचा फोन धाकट्याच्या मूळ किमतीच्या खाली आला! असा भाव पुन्हा दिसला तर माझी वरची सगळी तुलना बाजूला ठेव आणि मोठा सेन्सर, चांगली काच, जास्त रॅमवाला पिक्सेल ९ उचल. त्याचे अपडेट २०३१ पर्यंत आहेत, एक वर्षसुद्धा कमी पडत नाही. फोन आजच हवा अशी तुझी काही अडचण नाही, जुना चालतोय, तेव्हा सेलपर्यंत थांबायची तयारी ठेव. त्या दिवशी दोघांचे भाव समोरासमोर ठेव. फरक पाच-सात हजारांचा असेल तर मोठा, पंधराच्या वर असेल तर ९ए. मी स्वतःसाठी घेतला असता तरी हीच रेघ धरली असती.

ऑनलाइन घेतलास तर डबा उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढ, सील दिसेल असा. फोन सुरू झाला की *#०६# दाबून आयएमईआय काढ आणि डब्यावरच्या व बिलावरच्या आकड्याशी जुळव. मग केवायएम लिहून, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस कर, सरकारी नोंदीत हा फोन कुठला आहे ते उत्तरात येतं. तुझ्या शहरात अधिकृत सेवा केंद्र आहे का, हे मात्र पैसे भरायच्या आधी कंपनीच्या साइटवर बघून घे, आणि स्क्रीन बदलायला किती घेतात तेही तिथेच विचारून ठेव. तो आकडा मला कळव, त्यावरून ठरवू विमा घ्यायचा की नाही.