प्रतिजैविके : मात्रा, वेळ आणि मुदत

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज आदी तालुक्यांतील अनेक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोप्यांत राहतात. यांपैकी एखाद्याचा क्षयरोगाचा उपचार चालू असेल, तर मोठीच अडचण उभी राहते. हा उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा असतो आणि हंगामही जवळजवळ तितकाच लांबतो. गोळ्या गावी राहिल्या की उपचार तुटतो.

औषधाचे कार्य

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्या राज्यात पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. साधी सर्दी, फ्लू किंवा डेंग्यू यांवर त्यांचा उपयोग होत नाही.

औषध सुरू होताच दुबळे जंतू आधी मरतात, रुग्णाला बरे वाटते आणि तो गोळ्या सोडतो. क्षयरोगात मागे राहिलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात व औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक लांब व त्रासदायक होतो, आणि तेच जंतू खोकल्यावाटे घरातील इतरांना गाठतात. यासाठीच क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधे दिली जातात.

घ्यावयाची दक्षता

१. डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा, ठरलेल्या वेळी, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी. बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नये किंवा लांबवूही नये.

२. पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ, सूज वा धाप आली असल्यास, तसेच गर्भारपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार किंवा चालू असलेली इतर औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत.

३. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

४. जेवणापूर्वी की नंतर, हे विचारून घ्यावे. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतल्यास त्याचा गुण कमी होतो.

५. मुलांच्या औषधाची भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावी, प्रत्येक वेळी बाटली हलवावी आणि लेबलावरील मुदतीनंतर उरलेले औषध टाकून द्यावे.

६. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये.

रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस-नारिंगी होते. त्याला भिऊ नये. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या किंवा नजर मंद होणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. श्वास कोंडणे व चेहरा सुजणे ही तर तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

गावाची जबाबदारी

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार क्षयरोगावरील व इतर काही महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. परंतु फडावरील मजुराला केवळ कायदा पुरेसा नाही. टोळी निघण्यापूर्वी ग्रामपंचायत सदस्य व आशा कार्यकर्ती यांनी औषध चालू असलेल्यांची माहिती आरोग्य केंद्राला द्यावी. मात्र ती चारचौघांत वाच्य करू नये. रुग्णाने आपला 'निक्षय' क्रमांक व उपचाराचे कागद सोबत घ्यावेत. त्या नोंदीच्या आधारे त्याचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यातील सरकारी केंद्राकडे सोपविता येतो आणि तेथेही औषध मोफत मिळते. शिक्षकांनी मुलांना औषधाच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ समजावून सांगावा. ही रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी सूचना होय.

कोयत्याबरोबर औषधाची पिशवीही बैलगाडीत चढली, तर हंगाम संपताना मजूर रोगमुक्त होऊन गावी परतू शकेल.