सासूबाईंचे मद्रासचे कागद

सासूबाई मद्रासहून परदेशी दत्तक गेलेल्या असतील, तर जन्मदात्यांच्या शोधाचा अर्ज त्यांच्याच नावाने करायचा, तुमच्या नाही. हे आधी ठरवून टाका. १९७०-८०च्या दशकांत मद्रासच्या अनाथालयांतून स्वीडन, हॉलंड, स्वित्झर्लंडला गेलेली बाळे आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरांत मराठी सुना-जावई आले आहेत आणि ‘तू भारतातली ना, मग बघ की जरा’ हे त्यांच्या वाट्याला येते. चेन्नईत आपल्यालाही पत्ता विचारायला दुभाष्या लागतो, हे सासरी कुणाला पटत नाही. पण मुद्दा तो नाही. भारताचे २०२२चे दत्तक नियम रूट सर्च, म्हणजे जन्मदात्यांचा शोध, घेण्याची मुभा दत्तक गेलेल्या व्यक्तीलाच देतात. त्रयस्थाला ती नाही आणि सून त्रयस्थच. म्हणून सासूबाईंना नेमके काय हवे आहे ते निवांत बसून विचारा: नुसते कागद, जन्मगाव, की प्रत्यक्ष माणूस? उत्तर त्यांच्या सहीने लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर ते लागेल.

त्यानंतर चेन्नईचे तिकीट काढायची घाई करू नका. बाळ परदेशी गेले तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचा एक गठ्ठा गेला आणि त्याच्या प्रती तिकडे बऱ्याच ठिकाणी पोचल्या. स्वीडनपुरते बोलायचे तर दत्तक संस्था, नगरपालिकेची समाजकल्याण समिती, दत्तकाचा हुकूम देणारे जिल्हा न्यायालय आणि स्थलांतर खाते, या चारही ठिकाणी सासूबाईंनी स्वतंत्र अर्ज टाकावा. एकाकडे मिळाले म्हणून दुसरे सोडू नये. एका फायलीत गळालेले पान दुसरीत सापडते. इकडे चेन्नईत अनाथालय चालवणारी संस्था बंद पडलेली असू शकते, आणि डिसेंबर २०१५चा पूर पाहिलेल्या शहरात तळमजल्यावरच्या कपाटांचा भरवसा किती धरायचा?

गठ्ठ्यात ‘दत्तकाचा हुकूम, मद्रास’ असा कागद शोधत बसू नका. त्या काळी तो नसायचाच. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. परदेशी जोडप्यासाठी वाट एकच, १८९०चा पालक व पाल्य कायदा. न्यायालय त्यांना पालक नेमायचे, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी द्यायचे आणि खरे दत्तक व्हायचे तिकडच्या न्यायालयात. तेव्हा शोधायचा तो पालकत्वाचा हुकूम. त्याच्या माथ्यावर ‘ओ.पी.’ म्हणजे ओरिजिनल पिटिशनचा क्रमांक आणि वर्ष असते. हा क्रमांक सापडला की निम्मे काम झाले असे मी धरते.

गठ्ठा किती जाड निघेल हे वर्षावर आहे. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. त्यानंतरच्या फायलीत मुलाचा सविस्तर अहवाल, दत्तक घेणाऱ्या घराचा अहवाल, छाननी संस्थेचे मत, असे बरेच काही मिळते. १९९०मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, आली आणि तिचे ना-हरकत पत्रही जोडले जाऊ लागले. १९८४च्या आधीचे मूल असेल तर दोन-चार पानांवर समाधान मानायची तयारी ठेवा.

आता हुकूम कोणत्या न्यायालयाचा ते पाहा. मद्रास शहरातल्या अर्जांसाठी मद्रास उच्च न्यायालयाची मूळ शाखा होती. पण सेंट थॉमस माउंटसारखा भाग तेव्हा चिंगलपेट जिल्ह्यात मोडायचा, त्यामुळे संस्था तिकडची असेल तर जिल्हा न्यायालयाकडे वळावे लागेल. प्रमाणित नकलेसाठी स्थानिक वकील घ्या. त्याला सासूबाईंचे मुखत्यारपत्र लागेल. ते परदेशात करून त्यावर भारतीय वकिलातीची साक्षांकनाची मोहर किंवा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे अधिकृत प्रमाणन, घ्या. भारतात अपोस्टिल २००५पासून चालते. मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत चुकवू नका.

कागद हाती आले की ते कुणी लिहिले आणि कशावरून लिहिले, हे प्रत्येक ओळीला विचारा. पासपोर्टवरची जन्मतारीख पुष्कळदा डॉक्टरने अंदाजाने दिलेली असते. नावही संस्थेने ठेवलेले असू शकते. तमिळ नावाआधीचे अक्षर आडनावाचे नसून बहुधा वडिलांच्या नावाचे असते, म्हणून तेवढे एक अक्षरसुद्धा मोलाचे. मात्र ‘सेल्वी’ दिसले की थांबा: ते मुलीचे नाव असेल किंवा आपल्या ‘कुमारी’सारखे नुसते बिरुद. पत्ता असला तर माउंट रोडचा अण्णा सालै झाला आहे हे ध्यानात ठेवा, आणि चेन्नईत घरांना जुना व नवा असे दोन क्रमांक असतात हेही. रुग्णालयाचे नाव असले तर उत्तमच. ट्रिप्लिकेनचे कस्तुरबा गांधी रुग्णालय अजून ‘गोशा’ म्हणून ओळखले जाते, रायपुरमच्या आर.एस.आर.एम.चे आणि एग्मोरच्या प्रसूती रुग्णालयाचे नावही तपासून पाहा. तारीख आणि रुग्णालय जुळले की चेन्नई महानगरपालिकेच्या जन्मनोंदीत शोध घेता येतो. ख्रिस्ती संस्थेतले बाळ असेल तर जवळच्या चर्चची बाप्तिस्मा वही विचारायला विसरू नका. ही वही संस्थेच्या फायलीपासून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे संस्था गेली तरी ती उरलेली असू शकते.

मूल संस्थेकडे सोपवल्याच्या संमतीपत्राकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहा. अंगठा कुणाचा, साक्षीदार कोण, मूल संस्थेत आले ती तारीख आणि सहीची तारीख यांत किती अंतर? हा संशय उगाच नाही. २००५मध्ये चेन्नईच्या ‘मलेशियन सोशल सर्व्हिसेस’ या संस्थेचे प्रकरण पोलिसांनी उघड केले. रस्त्यावरून, झोपड्यांतून पळवलेली मुले अनाथ म्हणून परदेशी दत्तक दिल्याचा तो आरोप होता. त्यांतली काही हॉलंड आणि ऑस्ट्रेलियात पोचली होती. सासूबाईंच्या कागदांत असे काही खटकले तर ते आधी वकिलाला दाखवा, संस्थेला नाही.

एवढी तयारी झाली की ‘कारा’कडे रूट सर्चचा अर्ज करा. सोबत ओळखपत्र, तिकडचा दत्तकाचा हुकूम आणि पालकत्वाच्या हुकुमाची नक्कल जोडा. ‘कारा’ तो तमिळनाडूच्या राज्य दत्तक यंत्रणेकडे आणि संस्थेकडे पाठवते. मूल संस्थेत कसे आले आणि पुढे कोणती प्रक्रिया झाली, एवढे सांगणे त्यांच्या कामात बसते. आईचे नाव मात्र तिच्या खासगीपणाच्या हक्काआड असते. ती नाही म्हणाली तर नाही. काहींना हा नियम जाचतो. मला तो योग्य वाटतो: १९७५मध्ये लग्नाआधी बाळ झालेली मुलगी आज कुणाची तरी आजी असेल, आणि त्या घरात हे कुणाला ठाऊक नसेल.

माहितीच्या अधिकाराचा आडमार्ग डोक्यात येईल. दहा रुपयांत अर्ज, आणि भारतीय नागरिक म्हणून तुम्हीच तो करू शकता. सासूबाईंना तो हक्क नाही. पण व्यक्तीविषयी विचारले तर खासगी माहिती म्हणून नकार येईल. अमुक संस्था कधी बंद झाली, तिच्या वह्या कोणत्या कार्यालयात गेल्या, इतकेच विचारा. त्या कामाला हा अर्ज चांगला.

डीएनए चाचणी करायची तर सासूबाईंची करा, नवऱ्याची नको. एक पिढी खाली उतरले की निम्मा धागा गेलेला असतो. चेन्नईत राहणारे फारसे कुणी अशा चाचण्या करत नाहीत. जुळणारी नावे मलेशिया, दक्षिण आफ्रिका किंवा अमेरिकेतल्या तमिळ घरांची निघतील, तीही लांबच्या चुलत नात्याची. तेवढ्यावरून जात, गाव असे निष्कर्ष काढू नका.

आणि पत्ता सापडलाच, तर दारात रिक्षा नेऊन उभी करू नका. आधी समाजसेविकेला पाठवा. ती तमिळ बोलणारी असावी, एकटी जावी, आणि तिने घरच्यांसमोर नव्हे तर आईलाच एकांतात गाठावे. नकार आला तर नाव नको, पण घराण्यात मधुमेह, हृदयविकार आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे. मग सासूबाईंचे तारीख घातलेले एक पत्र, तमिळ भाषांतर आणि फोटोसह, संस्थेच्या आणि राज्य यंत्रणेच्या फायलीत लावून ठेवावे. पत्ता किंवा फोन बदलला की तिथेही कळवावा.